तिसरा डबा, इंजिनापासून

माझ्या डोळ्यांना पट्टी बांधा आणि युरोपातल्या कुठल्याही गाडीत नेऊन बसवा. चाकांचा आवाज ऐकून मी सांगेन, डबा किती म्हातारा आहे, कुठल्या कारखान्यातला आहे आणि त्याला शेवटचं तेलपाणी करणारा माणूस कामचुकार होता की नाही. तुम्ही म्हणाल, काय बढाया मारतोय म्हातारा! बढाईच आहे, पण हक्काची आहे. मी केरेकेश डेझो. बुडापेस्टच्या पूर्व स्टेशनच्या यार्डात मुकादम म्हणून मी उभी हयात घालवली. माणसं रेल्वेत हरवतात, रेल्वेवाला हरवत नाही, हे मी घरी इतक्या वेळा म्हटलंय की आमच्या लेकीने ते वाक्य एका मगावर छापून मला वाढदिवसाला दिलं. तो मग हल्ली फडताळात अगदी मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला असतो. का, ते सांगायलाच बसलोय.

आधी आमचं स्टेशन समजून घ्या. आमचं स्टेशन म्हणजे बंद गल्ली आहे. गाडी आत येते ती थेट भिंतीपाशी येऊन थांबते, पुढे रूळच नाहीत. मग आलेलं इंजिन सोडून द्यायचं, गाडीच्या दुसऱ्या टोकाला नवं इंजिन लावायचं आणि गाडी आल्या वाटेने उलटी बाहेर काढायची. मघाचं तोंड ती आता शेपूट, मघाची शेपूट ते आता तोंड. आयुष्यभर मी हेच केलं. किती गाड्या अशा फिरवल्या असतील, त्याची मोजदाद नाही. झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं की आमच्याकडे इंजिन टोक बदलतं.

हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता आमची पिरोश्का. बायको म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नाही, पण माझ्यात तिला एकच खोट दिसते आणि ती खरी आहे. मी जेवायला नसतो. आमच्या लग्नाच्या जेवणालासुद्धा मी नव्हतो. सूप वाढलं होतं, व्हायोलिनवाले सूर लावत होते, आणि यार्डातून निरोप आला की मालगाडीचा डबा रुळावरून घसरलाय. मी लग्नाच्या कोटात तसाच धावलो. परत आलो तेव्हा पाहुणे घरी गेले होते आणि नवरी बूट काढून, पाय खुर्चीवर घेऊन केक खात बसली होती. तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. लेकीच्या बारशाचं जेवण, नाताळची माशाची आमटी, सासूबाईंची पंच्याहत्तरी! सूप ताटात पडलं की फोन वाजणार आणि मी उठणार. पिरोश्का काही बोलायची नाही. माझ्या ताटावर दुसरं ताट उपडं घालून ठेवायची. तिने बोललेलं परवडलं असतं.

मी निवृत्त झालो तेव्हा लेक-जावयाने आम्हाला एक भेट दिली. पॅरिसहून इस्तंबूलपर्यंत, पाच-सहा देश ओलांडत जाणाऱ्या शाही गाडीचा प्रवास. गाडीचं फ्रेंच नाव माझ्या जिभेवर बसत नाही, आपण तिला राजहंस म्हणू. आता गंमत बघा. आम्ही राहतो बुडापेस्टला. राजहंस जाते बुडापेस्टवरून. पण चढायचं मात्र पॅरिसला. म्हणजे घरून निघायचं, विमानात बसून पॅरिसला जायचं आणि तिथून गाडीने परत आपल्याच स्टेशनात यायचं!

"हा शुद्ध वेडेपणा आहे," मी म्हणालो.

"याला हौस म्हणतात," पिरोश्का म्हणाली. "आणि तिथे जेवायला नटूनथटून बसायचं असतं, समोरासमोर. तुझा काळा सूट सैल करून घ्यायला टाकलाय."

गाडी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. भिंतींना शिसवीसारखं काळंभोर लाकूड, दिव्यांना रेशमी टोप्या, खिडकीला मखमलीचे पडदे. प्रत्येक डब्याला एका फुलाचं नाव आणि ते नाव पितळी पाटीवर अशा वळणदार अक्षरात कोरलेलं की वाचायला चष्मा हवा. मी ते वाचायच्या भानगडीत पडलोच नाही. फुलांची नावं प्रवाशांसाठी असतात. रेल्वेवाला डबे मोजतो. आमचा डबा इंजिनापासून तिसरा, खोली नंबर सहा. झालं की!

पहिल्या संध्याकाळी मी इंजिनाच्या ड्रायव्हरशी ओळख करून घ्यायला गेलो आणि परत आलो तेव्हा टेबलावर फळं आली होती. दुसऱ्या संध्याकाळी व्हिएन्नाला एका चाकाचा आवाज मला पटेना, म्हणून मी खाली उतरून वाकून बघत होतो. आमच्या डब्याच्या नोकराने मला कोटाला धरून वर घेतलं तेव्हा कॉफी चालली होती. पिरोश्काने तिथेही माझ्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं होतं. शाही ताट, सोन्याची कड असलेलं.

तिसऱ्या दिवशी, बुडापेस्ट जवळ आलं तेव्हा, तिने मला पलंगावर बसवलं आणि समोर उभी राहिली. त्या संध्याकाळी मोठं जेवण होतं. व्हायोलिन होतं, जोडप्यांचे फोटो निघणार होते. त्यासाठी तिने हिवाळाभर बसून हिरव्या रेशमाचा झगा शिवला होता.

"डेझो, आज सूप टेबलावर येईल तेव्हा तू समोरच्या खुर्चीत असायला हवास. फळं नाही, कॉफी नाही. सूप."

"म्हणजे काय, असणारच."

"नसलास तर मी बॅग उचलून घरी जाईन. आज घर ट्रामने दोन थांब्यांवर आहे, हे विसरू नकोस."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. तिने माझा बो नीट केला आणि पहिल्यांदाच हसली. मला तेव्हाच आत जाऊन गप्प बसायला हवं होतं. पण गाडी शिरत होती कुठल्या स्टेशनात? माझ्या! आणि मी होतो कसा? काळा सूट, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला बो, राजहंसचा प्रवासी! ज्या फलाटावर मी तेलकट हातांनी भाकरी खाल्ली तिथे असं उतरायला मिळावं आणि मी उतरू नये?

"जरा बालिंतला भेटून येतो," मी म्हणालो. "गाडी इथे बराच वेळ थांबणार आहे. सगळे शहर बघायला चाललेत, तू आरामात आवर."

"सूप," पिरोश्का आरशात बघत म्हणाली.

बालिंत म्हणजे माझ्या जागेवर आलेला मुकादम. माझ्याच हाताखाली तयार झालेला आणि आता पोट सुटलेला. त्याने मला बघितलं आणि शिट्टी वाजवली.

"डेझोकाका! हे काय, हॉटेलात लागलात कामाला?"

"गाढवा, मी प्रवासी आहे."

"तेच म्हणतोय, एवढा छान वेटर मी आजवर बघितला नाही."

यार्डातली सगळी पोरं जमली. पालिंकाची बाटली निघाली. मी गाडीच्या नळांना सोनेरी मुलामा आहे असं सांगितलं, मग नळ सोन्याचे आहेत असं सांगितलं. तेवढ्यात नवं इंजिन आलं. बालिंत ते जोडायला निघाला आणि मला राहवेना. मीही गेलो. "हळू घे, हळू. हां, अजून एक हात. बस!" मी स्वतः हात वर करून इशारा दिला आणि ते इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लोण्यासारखं जाऊन टेकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्या इंजिनाने पुढे माझा घात केला ते मी असं समोर उभं राहून, मानाने जोडून घेतलं.

मग फलाटावर गर्दी झाली. शहर बघून प्रवासी परत येत होते. मी घड्याळाकडे बघितलं, सुपाची वेळ झाली होती. बालिंतचा निरोप घेऊन वळतोय तोच एक उंच स्विस बाई माझ्यासमोर उभी राहिली, माझा बो बघितला, आणि काहीएक न विचारता आपलं कुत्रं माझ्या हातात दिलं. आखूड पायांचं, लांबोडकं, म्हाताऱ्या काकांसारखा चेहरा असलेलं कुत्रं.

"याला पाणी पाजा आणि जेवण होईपर्यंत सांभाळा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "उकडलेली कोंबडी देऊ नका, त्याला सोसत नाही."

"अहो बाई, मी..." माझं जर्मन जेमतेम. मी शब्द जुळवेपर्यंत बाई गाडीत चढून दिसेनाशी झाली. शिट्टी झाली. आता कुत्र्याचं काय करायचं ते नंतर बघू, आधी खुर्ची! मी कुत्रं काखेत मारलं आणि सवयीने इंजिन गाठलं. एक, दोन, तीन. तिसरा डबा. चढलो. खोली नंबर सहा. दार उघडलं.

"पिरोश्का, आलो बघ, सुपाच्या आधी!"

खोली रिकामी होती. नुसती रिकामी नाही, मोकळी होती. पलंगावर घडी नसलेली चादर, खुंट्यांवर कपडा नाही, हिरवा झगा नाही, तिच्या सपाता नाहीत. मी वर फळीवर बघितलं. बॅग नाही. माझीसुद्धा बॅग नाही! खिडकीपाशी ठेवलेला लेकीचा फोटो नाही. आमची छत्रीसुद्धा नाही. बाई बोलली तसं करून गेली होती.

डब्याचा नोकर बोळातून टॉवेल घेऊन चालला होता. आमचा नेहमीचा नव्हे, दुसराच. पाळी बदलली असेल, असं मी धरून चाललो. बघा, माणसाला फसायचं असलं की कसं सगळं जुळून येतं.

"सहा नंबरच्या बाई कुठे आहेत?" मी विचारलं.

"त्या? त्या उतरल्या की मघाशीच," तो म्हणाला. माझा बो बघून तोही मला आपल्यातलाच समजत होता, हे मला फार उशिरा कळलं. "सामान मीच खाली दिलं. तू जेवणाच्या डब्यातला ना? नवीन दिसतोस. आणि कुत्रं घेऊन काय फिरतोस?"

"काही म्हणाल्या का जाताना?"

"म्हणाल्या, सुटले एकदाची. आता घरी जाऊन मस्त झोपणार."

मी दाराला धरून उभा राहिलो. "रागात होत्या?"

"छे, चांगल्या हसत होत्या. आणि का नाही हसणार? न्यायला आला होता ना तो."

"कोण तो?"

"उंच गडी होता. ह्या एवढ्या मिशा. त्याने बॅगा उचलल्या, बाईंनी त्याच्या हातात हात घातला, आणि गेली जोडी." त्याने मला डोळा मारला. "या वयातही काय नशीब असतं एकेकाचं."

हातात हात! मिशा! आमच्या ओळखीत मिशावाला कोण? गल्लीतला औषधवाला? त्याच्या मिशा आहेत, पण तो उंच नाही. दातांचा डॉक्टर उंच आहे, पण सफाचट. मी दोघांना एकत्र करून बघत होतो, तेवढ्यात डब्याला हिसका बसला आणि फलाट मागे सरकायला लागला. गाडी सुटली. बायको घरी, मिशा तिच्यासोबत, आणि मी एका परक्या कुत्र्याला घेऊन इस्तंबूलला निघालो!

पडद्याच्या मागे, भिंतीत, धोक्याची लाल मूठ होती.

ह्या मुठीबद्दल आमच्या घरात काय वातावरण आहे ते सांगतो. माझ्या लेकीने अक्षरओळखीच्या आधी एक गोष्ट पाठ केली होती, की लाल मूठ ओढायची नाही. एका मूर्खाने मूठ ओढली की मागच्या दहा गाड्या उभ्या राहतात, हे मी प्रत्येक रविवारी ऐकवलं आहे. लाल मूठ ओढणारा माणूस माझ्या लेखी खिसेकापूच्याही खालचा. तर मी ती मूठ दोन्ही हातांनी धरली आणि लोंबकळलो.

चाकं किंचाळली. गाडी उभी राहिली ती आमच्या यार्डात, माझ्या जुन्या केबिनच्या समोरच. मी पडदा नीट केला (सवय!), कुत्रं उचललं आणि मागल्या बाजूने खाली उतरलो.

बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मी गाडीच्या कडेने, खडीवरून, स्टेशनाच्या दिशेने झपाझप चालायला लागलो. ट्राम पकडायची, घर गाठायचं, मिशा बघायच्या, एवढंच डोक्यात. जरा पुढे गेलो तर काय दिसावं? एक बाई भर यार्डात, खुशाल रुळांमधून चाललीय! हातात बूट, झगा गुडघ्यापर्यंत उचललेला. माझ्या अंगातला मुकादम जागा झाला. बायको गेली असली म्हणून काय, नियम तो नियम.

"ओ बाई! रुळातून चालायला मनाई आहे! दिसत नाही का पाटी? डोळे घरी ठेवून आलात काय?"

बाई थांबली, वळली. हिरवं रेशीम. पिरोश्का.

कुत्र्याने शेपूट हलवली.

"तू इथे काय करतोस?" तिने विचारलं.

"मी? तू इथे काय करतेस? तू तर घरी गेलीस ना? मिशावाल्याबरोबर!"

"कुठला मिशावाला?"

"तेच मी विचारतोय. उंच आहे म्हणे. हातात हात घालून गेलात, सगळ्या गाडीने बघितलंय."

"डेझो, तू किती पालिंका प्यायलास?" तिने बूट खाली टाकले आणि कमरेवर हात ठेवले. "मी तिकडे टेबलाशी बसले होते. समोरची खुर्ची रिकामी. गाडी सुटली तरी रिकामी. खिडकीतून बालिंत दिसला, हात हलवत होता. मला वाटलं, झालं, हा माणूस यार्डातच राहिला. गाडीने पुढे गेले असते, फोटो काढून घेतला असता एकटीचा. पण मला ते ताट बघवेना. वेटर तुझ्या ताटावर झाकण घालायला आला आणि मी उठले, आणि..."

"आणि काय?"

"लाल मूठ ओढली."

मूठ तर मी ओढली होती. म्हणजे हिनेही ओढली. दोघांनी, एकाच वेळी! आता ह्या ठिकाणी कुठल्याही सरळ माणसाने "अगं, मीही" असं म्हटलं असतं. मी घसा साफ केला.

"पिरोश्का," मी म्हणालो, "मुकादमाच्या बायकोने लाल मूठ ओढावी? माझ्याच यार्डात? मागे किती गाड्या अडकल्या असतील, विचार केलास?"

"केला नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माझ्या मुठीचं मी सांगितलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं, "तू होतास तरी कुठे?"

"आपल्या खोलीत. सगळं रिकामं. बॅगा नाहीत, छत्री नाही."

"मी तर तिथूनच जेवायला गेले. बॅगा फळीवर आहेत. तू गेलास कुठल्या खोलीत?"

"सहा नंबर. तिसरा डबा, इंजिनापासून."

पिरोश्काने माझ्याकडे बघितलं. मग गाडीच्या एका टोकाकडे बघितलं. मग दुसऱ्या टोकाकडे.

"कुठल्या इंजिनापासून?" तिने शांतपणे विचारलं.

मीही बघितलं. लांबवर, मी स्वतः हात दाखवून जोडलेलं ते इंजिन उन्हात चमकत होतं. आमचा डबा शेपटाकडून तिसरा होता. मिशावाल्याबरोबर गेलेली सहा नंबरची बाई दुसरीच कुणीतरी होती. माझ्या मागच्या बाजूने कुणीतरी खोकलं. बालिंत. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक, पण चेहऱ्यावरून एवढं कळत होतं की त्याने शेवटचं वाक्य ऐकलंय आणि ते उद्यापर्यंत सगळ्या यार्डाला कळणार आहे.

"मला भूक लागलीय," पिरोश्का म्हणाली. "त्या गाडीत आता मी तोंड दाखवणार नाही. जाऊ दे तिला."

"जाईलच," मी म्हणालो. "मूठ जागेवर बसवली की निघेल. सामान लेकीच्या नावावर परत मागवू."

बालिंत आम्हाला यार्डाच्या भोजनगृहात घेऊन गेला. तिथे एकच पदार्थ असतो, माझ्या वेळेपासून तोच. बीन्सचं दाट सूप, त्यात धुरी दिलेल्या मांसाचे तुकडे, वर लाल पाप्रिका, सोबत जाड पाव. मेणकापडाचं टेबल, पत्र्याचे चमचे. हिरव्या रेशमातली पिरोश्का एका बाजूला, बो लावलेला मी दुसऱ्या बाजूला, टेबलाखाली कुत्रं. बाजूला दोन फिटर डबे उघडून जेवत होते, त्यांनी टोप्या काढल्या. वाफाळती ताटं आमच्यापुढे आली. पिरोश्काने सुपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आलं," ती म्हणाली.

"काय?"

"सूप. आणि तू समोर आहेस."

आणि ती अशी हसली की मला आमच्या लग्नातली, बूट काढून बसलेली पोरगी आठवली. मी चमचा उचलला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. तेवढ्यात बालिंतचा फोन वाजला.

मंडळी, ह्या आवाजाचा माझ्या गुडघ्यांवर काय परिणाम होतो हे मला शब्दांत सांगता येणार नाही. मी अर्धा उठलो होतो.

"काका," बालिंत फोनवर हात ठेवून म्हणाला, "राजहंस हलत नाहीये. जेवणाच्या डब्यातली मूठ त्यांनी जागेवर बसवली, तरी ब्रेक सुटत नाही. हवा कुठूनतरी निघून चाललीय, सापडत नाही. व्हिएन्नाची गाडी बाहेर ताटकळलीय. तुमच्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नाही. नुसतं चालत जाऊन ऐका ना, तुम्हाला लगेच कळेल."

कळेल काय, कळलेलंच होतं! खोली नंबर सहा, मखमली पडद्याच्या मागे, मी ओढून तशीच ठेवलेली दुसरी मूठ. आणि बघा, संधी कशी चालून आली होती. मी उठायचं, गाडीच्या कडेने रुबाबात चालायचं, एका डब्यापाशी थांबून कान टवकारायचा, आत जायचं, पडदा बाजूला करायचा. "हा घ्या तुमचा बिघाड!" सगळे थक्क. डेझोकाका तो डेझोकाकाच. मी कुठल्या डब्यात कसा शिरलो ते सगळे विसरले असते.

मी पिरोश्काकडे बघितलं. तिने बाजूचं रिकामं ताट हातात घेतलं, माझ्या सुपावर उपडं घालायला.

मी खाली बसलो.

"तिसरा डबा, खोली सहा," मी सुपात बघत म्हणालो. "पडद्यामागे दुसरी मूठ आहे. ती जागेवर बसव म्हणावं."

"तुम्हाला इथे बसून कसं कळलं?" बालिंतने डोळे विस्फारले.

"मी ओढली."

दोन फिटर घास तोंडात धरून बसले. पिरोश्काच्या हातातलं ताट तसंच हवेत राहिलं.

"तू?" ती म्हणाली. "लाल मूठ? आणि मघाशी मला मुकादमाची बायको आणि मागच्या गाड्या आणि..."

"मला वाटलं तू गेलीस. कायमची. मिशावाल्याबरोबर."

तिने ते ताट बाजूला ठेवलं आणि हसायला लागली. आधी खांदे हलले, मग खुर्ची, मग टेबल. फिटर हसले, बालिंत हसला, आणि शेवटी माझाही इलाज चालला नाही. बालिंत डोळे पुसत फोनवर म्हणाला, "तिसरा डबा, सहा नंबर." मग पुन्हा फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काका, ते विचारतात, तिसरा म्हणजे कुठून?"

"इंजिनापासून," मी म्हणालो. "आत्ताच्या."

मी सूप संपवलं. दुसऱ्यांदाही घेतलं. व्हिएन्नाची गाडी बाहेर उभी होती, तिकडे मी एकदाही बघितलं नाही. मूठ जागेवर बसली तरी राजहंस निघाली नाही, कारण स्विस बाईने आपलं कुत्रं मिळाल्याशिवाय गाडी हलवाल तर याद राखा, असा दम भरला होता. गार्ड कुत्र्याला शोधत भोजनगृहात आला तेव्हा त्याला कुत्रं सापडलं आणि आम्हीही सापडलो. आम्हाला बोलणी खावी लागली, ती मुकाट्याने खाल्ली. कुत्र्यानेही बरंच काही खाल्लं होतं, सगळं धुरीचं. त्यात कोंबडी नव्हती, एवढं मी गार्डला शपथेवर सांगितलं.

मग आम्ही खडीवरून राजहंसकडे परत निघालो. पिरोश्का पुन्हा अनवाणी, बूट माझ्या खिशात. सगळ्या खिडक्यांतून माणसं बघत होती. गाडीपाशी आल्यावर जुन्या सवयीने माझी मान इंजिनाकडे वळायला लागली. एक, दोन...

"डेझो," पिरोश्का म्हणाली, "माझा हात धर. आणि तिकडे बघू नकोस."

तिने मला डब्याच्या पितळी पाटीपुढे उभं केलं, स्वतःचा चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि फुलाचं नाव तीनदा मोठ्याने वाचून घेतलं. डेलिया. डेलिया. डेलिया. इस्तंबूलपर्यंत ती मला रोज सकाळी विचारायची. दोनदा मी कॅमेलिया म्हणालो.